नटवर्यांच्या पुस्तकातला श्वास

त्या घरात रविवारचा चहा नुसता प्यायची सोय नव्हती. कप हातात आला की हजेरी द्यायची: आठवड्यात काय वाचलं, काय पाहिलं, काय ऐकलं. ही टूम बारकीच्या आईची. नवरा दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाज साफ करायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. लेक कॉलेजातून आली की तिच्या खोलीचं दार बंद. "एका घरात कुटुंब राहतंय की तीन भाडेकरू?" असं एकदा ती कडाडली आणि त्याच रविवारपासून हजेरी सुरू झाली. नियम सरळ होते. खरं बोलायचं. दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडायचं नाही, निदान चहा संपेपर्यंत तरी. सांगण्यासारखं काही नसेल तर कचेरीतल्या कागदावर लिहितात तसं "निरंक" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. थाप पकडली गेली तर महिनाभर कपबश्या त्याने विसळायच्या.

बारकी म्हणजे लेक. आता चांगली बापाच्या डोक्यावर गेलेली, दुसऱ्या शहरात नोकरी करणारी बाई, पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. बापाला स्टुडिओत सगळे कानसेन म्हणत. गाता येत नव्हतं, बोलता जेमतेम यायचं, पण कान असा की शेजारच्या इमारतीत कुणी सुपारी कातरली तरी हा रेकॉर्डिंग थांबवायचा. काम म्हणाल तर ऐकायच्या पुस्तकांचं. कुणीतरी काचेपलीकडच्या बूथमध्ये बसून पुस्तक वाचायचं आणि कानसेनने अलीकडे बसून त्यातले अडखळे, ठसके, पानांची फडफड आणि श्वास कापून टाकायचे. आणि ते वाचणारं कुणीतरी बहुतेक वेळा बारकीची आईच असायची. लग्नाआधीपासून तिचा आवाज तोच साफ करत आला होता. "आमचं लग्न काचेतून ठरलं," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि हा लाजून चहा आणायला उठायचा.

तिच्या नाकाचं हाड वाढलेलं होतं. श्वास आत घेताना बारीकशी शीळ वाजायची. वाजायची म्हणजे किती, तर तुम्हाआम्हाला शेजारी बसून कळली नसती. पण माइकला कळायची आणि कानसेनला कळायची. "तुझ्या नाकात एक बासरीवाला भाड्याने राहतो," तो म्हणायचा. "मग काढा की त्याला बाहेर, तुम्हाला त्याचाच तर पगार मिळतो," ती म्हणायची. त्याने काढला. आयुष्यभर, एकेक श्वास वेचून काढला. तिची पुस्तकं ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही बाई श्वास न घेताच वाचते की काय!

मग ती छातीच्या दुखण्याने गेली. शेवटचं पुस्तक शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी राहिलं. वाईट वाटलं, दुःख झालं, असल्या शब्दांनी भागेल असं ते नव्हतं. माणूस अर्धाच उरला, एवढंच सांगतो.

हजेरी मात्र चालू राहिली, फोनवर. ती बंद करायची हिंमत दोघांनाही झाली नाही. दर रविवारी कानसेन चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचा, समोर फोन उभा करायचा आणि पलीकडे बारकी दिसायची. दर खेपेला गालफडं आणखी बसलेली, डोळ्यांखाली काळं.

"वाचलं?"

"निरंक."

"पाहिलं?"

"निरंक."

"ऐकलं?"

"निरंक, बाबा."

ज्या पोरीने उशाशी पुस्तकांची चळत ठेवल्याशिवाय कधी अंग टाकलं नाही, ती तीनदा निरंक म्हणायची. झोप नव्हती. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी डोकं जड व्हायचं, डोळा लागायचा नाही. ऑफिसातल्या वरिष्ठांनी "थोडे दिवस सुट्टी घ्या" असं दोनदा सुचवून झालं होतं आणि कानसेनला त्याचा अर्थ बरोबर कळत होता. बायको गेली ती गेली, आता डोळ्यांदेखत लेक चालली, आणि आपण कप धरून नुसतं बघतोय, हे त्याला आतून खात होतं.

मग त्याने काय करावं? थापा मारायला सुरुवात केली. पोरीला चघळायला काहीतरी द्यावं म्हणून. आपण दीपगृहाच्या राखणदारावरची एक जाडजूड कादंबरी वाचतोय असं त्याने ठोकून दिलं. त्या राखणदाराला एक मुका भाऊ दिला, एक हरवलेली बोट दिली, दर रविवारी थोडं थोडं पुढे सरकवलं. पाहिलं म्हणून एक सिनेमा सांगितला, त्यात शिंपी होता आणि त्याची सासू हेर होती. खरं म्हणजे हा घरी टीव्ही लावायचा, आवाज पार बंद करायचा आणि शेजारच्या भिंतीकडे बघत बसायचा. बारकी ऐकून घ्यायची. "मग बोट सापडली का?" इतकंच विचारायची आणि फोन ठेवायची.

खरा ऐवज तिसऱ्या प्रश्नाचा होता आणि तो कानसेनने कुणाला सांगितला नव्हता.

बायकोच्या जागी स्टुडिओत आता नटवर्य वाचायला येत. म्हणजे रंगभूमीवरून निवृत्त झालेले, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी पटवून न दिलेले एक गृहस्थ. आवाज ढोलासारखा, आणि बोलणं थांबवायचं कसं हे देव त्यांना शिकवायला विसरला होता. एका सरंजामी घराण्याची भली मोठी कथा वाचायला घेतली होती. तर त्या कथेचं पहिलं प्रकरण कापून, साफ करून कानसेन पुन्हा ऐकत बसला होता. सकाळची वेळ, इमारतीत चिटपाखरू नाही. नटवर्यांनी एक वाक्य टाकलं, थांबले, आणि त्या थांबण्यात कानसेनला शीळ ऐकू आली.

त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. होती. बारीक, आत जाणारी, शेवटी किंचित चढणारी. ती शीळ त्याने इतक्यांदा कापली होती की झोपेत विचारलं असतं तरी ओळखली असती. पुढच्या थांब्यात पुन्हा. त्याच्या पुढच्यात नाही. मग पुन्हा. नटवर्यांचा ढोल थांबला की त्यामागे कुणीतरी बसलेलं होतं आणि श्वास घेत होतं.

त्याने हेडफोन काढला, बूथचं दार उघडलं, आत गेला. तिची खुर्ची तशीच. एसी बंद, दिवा चालू. "आहेस का गं?" त्याने विचारलं. आता एवढा साठीला टेकलेला माणूस, स्वतःच्याच बोलण्याची त्याला लाज वाटली. पण उत्तरासाठी थांबला, हेही खरं.

तिथून त्याचं सगळं बदललं. कामावर लवकर जायचा. आधी बूथमध्ये जाऊन खुर्ची पुसायचा. नटवर्यांसाठी कार्यालयातून दुसरी खुर्ची आणवली. "का हो, या खुर्चीला काय झालंय?" ते गरजले. "पाय डुगडुगतो," कानसेनने सांगितलं. धडधडीत खोटं. मग दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी, सगळे उतरून गेले की साफ केलेलं प्रकरण लावून फक्त थांबे ऐकायचे. राजे, सरदार, तलवारी, दगाफटका, त्यातलं अक्षर त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. तो वाक्य संपायची वाट बघायचा. कधी तिने आवंढा गिळलेला ऐकू यायचा. एकदा बोट मोडल्याचा कडकन आवाज आला. ती मोडायची तसा, अंगठ्याचा. कानसेन हसला आणि मग त्याला रडू फुटलं.

भीती वाटत होती का? वाटत होती, सांगायला काय हरकत आहे. जिन्यात मागे कुणी असल्यासारखं व्हायचं. बूथच्या काचेत स्वतःचंच तोंड दिसलं तरी दचकायचा. घरी आल्यावर कुठल्याच खोलीत चैन पडेना, कारण ती घरी नव्हती, ती तिकडे होती. पण ही भीती त्याला हवी होती. ती निघून जाईल म्हणून तो जास्त भ्यायला होता.

बारकीला सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर यायचं. पण सांगणार काय? की तुझी आई नटवर्यांच्या मागे बसून असते? पोर आधीच झुरतेय, तिला बापही हातचा गेला असं वाटायचं. मग तो राखणदाराच्या मुक्या भावाला वादळात पाठवून द्यायचा आणि वेळ मारून न्यायचा.

पुस्तक पूर्ण झालं, लोकांच्या कानी गेलं. आणि एका शुक्रवारी मालकांचा फोन आला. मालक म्हणजे कंपनीचे मालक, माणूस तसा भला, पण घाईत जन्मलेला.

"कानसेन, अहो काय हे? तक्रारी आल्यात. नटवर्यांच्या पुस्तकात मधे मधे कुणीतरी श्वास घेतंय म्हणे. एक बाई लिहिते, मी घरात एकटी असते, मला हे ऐकून घाम फुटला."

कानसेन खुर्चीतून उठला. "तुम्हाला ऐकू आला?"

"आला म्हणजे? चांगला शीळ घालतोय! तुमच्या हातून असं?"

म्हणजे वेड लागलेलं नव्हतं. दुसऱ्यांनाही ऐकू येत होती. ती खरोखर आहे, तक्रार करण्याइतकी आहे! "मालक, ते मी काढणार नाही," असं तो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं.

"मी नटवर्यांचं मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं," मालक पुढे म्हणाले. "त्यात काही नाही हो. स्वच्छ आहे. म्हणजे स्वच्छ कसलं, म्हातारा सारखा खाकरतोय, पण शीळ नाही. हे तुमच्या संकलनात शिरलंय. सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या."

फोन ठेवल्यावर कानसेनने नटवर्यांच्या पुस्तकाचं काम पुन्हा उघडलं. मग त्याला कळलं. कळलं म्हणजे एका झटक्यात, सगळं.

इथे त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला उलगडा व्हायचा नाही. श्वास कापला की त्या जागी भोक पडतं. नुसती पोकळी कानाला लगेच खटकते, अंधारात पायरी चुकावी तसं होतं. म्हणून त्या भोकात शांतता भरतात, पण कुठलीही नाही, त्याच खोलीची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. त्यासाठी पुस्तक सुरू करताना वाचणाऱ्याने माइक चालू ठेवून थोडा वेळ गप्प बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कानसेन याला "खोली घेणं" म्हणायचा. बारकीची आई यात पटाईत होती. श्वास कोंडून अशी बसायची की काचेपलीकडे तसबीर लावल्यासारखी दिसायची. शेवटी न राहवून विचारायची, "झालं का, कानसेन?" आणि हा म्हणायचा, "झालं." मग तो तिचा प्रश्न आणि आपलं उत्तर कापायचा आणि मधली शांतता ठेवून द्यायचा.

नटवर्यांची खोली त्याला कधी घेताच आली नव्हती. गप्प बसा म्हटलं की त्यांना हटकून एखादा किस्सा आठवायचा. "उद्या घेऊ," म्हणता म्हणता राहून गेलं. आणि नवीन पुस्तकाचं काम सुरू करताना कानसेन नेहमी आधीच्या पुस्तकाच्या कामाची नक्कल काढून त्यावरच चढवायचा. सगळी मांडामांड तयार मिळते, वेळ वाचतो. आधीचं पुस्तक म्हणजे तिचं. अर्धवट राहिलेलं. त्यात तिने घेऊन दिलेली खोली. नटवर्यांचं जिथे जिथे खाकरणं कापलं, तिथे तिथे तीच भरली गेली होती. आणि ते पुस्तक सुरू केलं तेव्हाच छातीने दगा दिलेला, तिला श्वास कोंडता येत नव्हता. ती गप्प बसली होती, पण श्वास घेत बसली होती.

असला कान असलेल्या माणसाला हे आधी कसं कळलं नाही, असं तुम्ही म्हणाल. ज्याला ऐकायचंच असतं त्याच्यापुढे कानाचं काय चालतं!

भूत नव्हतं. स्वतःच्या हातची चूक होती. आपल्याला हायसं वाटायला हवं, असं कानसेनच्या मनात आलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपली बायको आज पुन्हा गेली. पहिल्या वेळी निदान चार माणसं आली होती, हात धरायला कुणी होतं. आता कुणाला सांगणार? तो बूथमध्ये गेला, तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

शनिवारी दिवसभर बसून त्याने दुरुस्ती केली. आधी रिकाम्या बूथची शांतता घेतली, कुणीही नसलेली. मग प्रकरणामागून प्रकरण, थांब्यामागून थांबा, तिला काढत गेला आणि तिच्या जागी ती रिकामी खोली भरत गेला. आवंढा काढला. अंगठ्याचा तो आवाज काढला. इतकी वर्षं हेच केलं होतं, पण तेव्हा संध्याकाळी ती घरी भेटायची. संध्याकाळपर्यंत पुस्तक लख्ख झालं. मालकांना पाठवायचं तेवढं राहिलं. बोट काही पुढे होईना, म्हणून रविवारी सकाळी चहानंतर पाठवू असं ठरवून तो घरी गेला.

रविवारी बारकी पडद्यावर दिसली आणि कानसेनच्या लगेच लक्षात आलं, चेहरा निराळा आहे. डोळ्यांखालचं काळं उतरलेलं. केस विंचरलेले.

"वाचलं?" त्याने विचारलं.

"निरंक."

"पाहिलं?"

"निरंक."

"ऐकलं?"

बारकी पडद्याच्या जवळ सरकली. "ऐकलं," ती म्हणाली.

कानसेनच्या हातातला कप तिथेच राहिला. कितीतरी महिन्यांनी तो शब्द आला होता.

"नटवर्यांचं पुस्तक ऐकतेय. तू काम केलंयस म्हणून लावलं. बाबा, किती भिकार कथा आहे रे! तो मधला राजपुत्र तर मरतच नाही. माझा चहा संपलाय हां, म्हणून बोलते." ती हसली, आणि मग हसू तिथेच थांबलं. "पण ते लावलं की मला झोप लागते. गोळी न घेता. कथेने नाही. तो मधे थांबतो ना, तेव्हा. मला वाटतं, कुणीतरी उशाशी बसलंय. लहानपणी ताप आला की आई बसायची ना, काही न बोलता, मला झोप लागेपर्यंत, तसं. काल पुन्हा पहिल्यापासून लावलं, नुसत्या थांब्यांसाठी." तिने ओठ चावला. "मला वेड लागत चाललंय का रे, बाबा? खरं सांग."

कानसेनने कप खाली ठेवला. आता यातून वाट कुठली? गप्प बसावं आणि दुरुस्ती पाठवून द्यावी, तर उद्यापासून त्या थांब्यांत कुणी नसणार आणि पोरीची झोप पुन्हा उडणार, तीही आपल्या हाताने. पाठवू नये, तर पोर आयुष्यभर एका भुताच्या उशाशी झोपणार आणि स्वतःला वेडी समजत राहणार. आणि खरं सांगावं, तर आपली बायको जशी शुक्रवारी पुन्हा गेली, तशी हिची आई आत्ता, या चहाच्या कपासमोर पुन्हा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ही पोर डोळे मोठे करून उत्तराची वाट बघत होती.

"माझी हजेरी राहिलीय," तो म्हणाला.

"बाबा, मी काय विचारतेय..."

"ऐक. वाचलं, निरंक. दीपगृहाची कादंबरी वगैरे काही नाही. मीच रचत होतो."

"माहितेय," बारकी म्हणाली. "मी तिसऱ्याच आठवड्यात शोधली होती. कुठे मिळेना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगत होतास ना. तेवढंच बोलत होतास."

कानसेनने डोळे पुसले. "पाहिलं, निरंक. भिंत पाहिली. आणि ऐकलं..." इथे त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. शीळ सांगितली. खुर्ची सांगितली. मालकांचा फोन, नक्कल केलेलं काम, नटवर्यांची न घेतलेली खोली, सगळं एका दमात सांगितलं. "वेड नाही लागलं तुला. ती आईच आहे. पण ती तिथे नाहीये बाळा, माझ्या चुकीने आलेली आहे. मी काल तिला काढून टाकलंय."

पलीकडे बारकीने तोंडावर हात घेतला होता. ती रडतेय की काय करतेय ते दिसेना. मग ती उठली, पडद्यातून गेली, आणि कुठूनतरी तिचा आवाज आला. "पाठवू नकोस. मी येते. मी आल्याशिवाय काही पाठवायचं नाही, कळलं?"

बस पकडून ती दुपारी पोचली. घरी नाहीच आली, थेट स्टुडिओच्या दारात उभी. सुट्टीमुळे इमारत बंद होती, कानसेन किल्ली घेऊन तिथे आला. लेकीला त्याने कित्येक दिवसांनी समोर बघितलं, तर तिच्या मनगटाचं हाड वर आलेलं. दोघं जिना चढले.

कानसेनने आपल्या टेबलाशी तिच्यासाठी स्टूल ओढलं. "काय करायचं सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं. मालकांना सांगतो, जमत नाही. नोकरी काय, आज ना उद्या जायचीच आहे."

बारकीने पडद्यावरची ती लख्ख फाइल बघितली. काचेतून बूथमधली भिंतीकडे तोंड केलेली खुर्चीही बघितली. आत जाऊन ती तिने सरळ करून ठेवली आणि परत आली.

"ती कोण बाई लिहिते ना, एकटी असते म्हणून घाबरली," ती म्हणाली. "तिच्या घरात आपली आई कशाला? आणि नटवर्यांचं पुस्तक नटवर्यांचं आहे. बिचाऱ्याने एवढा घसा फोडलाय. पाठव."

"तुझी झोप?"

"पाठव तू आधी."

त्याने पाठवलं. दोघंही त्या पडद्याकडे बघत राहिले. फाइल गेली.

मग बारकीने स्टूल आणखी जवळ ओढलं. "तुझी हजेरी झाली, माझी झाली. आता आईची राहिली. अख्खी लाव. तू तुकडा ठेवतोस तो नाही. मूळची."

मूळची कानसेनने ती घेतली त्या दिवसानंतर कधी उघडली नव्हती. त्याने शोधली, हेडफोन बाजूला ठेवला, स्पीकर चालू केला. आधी खुर्ची करकरली. मग पदर की काय, कापडाची सळसळ. मग खोली.

ती खोली म्हणजे हीच खोली, आणि तरीही नव्हे. आत्ताच्या खोलीत दोन माणसं होती आणि त्या खोलीत तिसरं होतं. श्वास आत गेला, शीळ वाजली. बाहेर आला. पुन्हा आत. मधेच तिने आवंढा गिळला. अंगठा मोडल्याचा आवाज आला, कडकन, आणि बारकीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. कुणी हललं नाही. तो दिवस कानसेनला आता आठवत होता. पाहिजे तेवढी खोली केव्हाच घेऊन झाली होती, पण काचेपलीकडे ती इतकी थकलेली आणि इतकी शहाण्यासारखी गप्प बसली होती की तो बघतच राहिला होता. थांबवायचं विसरला होता. म्हणून ही शांतता नेहमीपेक्षा कितीतरी लांब होती, आणि त्या लांबीभर तो तिच्याकडे बघत होता.

बारकीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. तिचा श्वास हळूहळू त्या श्वासाच्या चालीवर गेला. झोपलीच की काय, असं वाटण्याइतका.

आणि स्पीकरमधून आईचा आवाज आला, दमलेला, थोडा हसरा.

"झालं का, कानसेन?"

"नाही गं," बारकी चटकन म्हणाली. मान वर करून, स्पीकरकडे बघत, समोर कुणी बसल्यासारखी. "बस ना अजून. नाही झालं."

पण रेकॉर्डिंगमधल्या कानसेनला ते कुठून ऐकू येणार? तो नेहमीसारखा म्हणाला, "झालं."

"बरं," ती म्हणाली. कागद सारखे केले. घसा साफ केला. आणि वाचायला म्हणून तिने श्वास घेतला, लांब, शीळ घालणारा.

आयुष्यभराच्या सवयीने कानसेनचा हात तो श्वास कापायला बटणाकडे गेला. बारकीने तो मधेच धरला आणि सोडला नाही.